लाइट गेली की वर्ग

मागच्या दोन अंकांत कुंडी भंडारा झाला, मावा जिलेबी झाली. "बऱ्हाणपूरला कधी नेताय?" असं बऱ्याच जणांनी विचारलं, बरं वाटलं. या वेळी मात्र खाण्या-फिरण्याचं काही नाही. गेल्या महिन्यात वीज कंपनीने मेंटेनन्ससाठी आमच्या भागातली लाइट चार तास बंद ठेवली होती. त्या वेळात आमच्या पावरलूमच्या कारखान्यात काय झालं ते सांगायचं आहे. पण त्यासाठी आधी पुण्याला जावं लागेल, २०१८ सालात.

मी तेव्हा पुण्यात एका आयटी कंपनीत होतो. एका सकाळी एचआरची मेल आली, की प्रत्येक मजल्यावरून चार जणांनी शुक्रवारी दुपारी प्रथमोपचाराच्या प्रशिक्षणाला यायचंच आहे. सोमवारी आमचं रिलीज होतं. कोण जाणार असं मॅनेजरने विचारलं तेव्हा सगळे स्क्रीनमध्ये डोकं घालून बसले. मी नेमका पाणी प्यायला उठलो होतो, म्हणून माझं नाव गेलं.

मी लॅपटॉप घेऊनच गेलो. मागच्या रांगेत बसलो आणि एक बग शोधत राहिलो. प्रशिक्षण द्यायला पन्नाशीच्या एक बाई आल्या होत्या. त्यांनी टेबलावर कमरेपर्यंतचाच एक रबरी माणूस ठेवला. त्याला हात नव्हते. त्यावरून दोन-चार विनोद झाले, कोणीतरी सेल्फी काढला. पहिला अर्धा तास पट्टी कशी बांधायची, नाकातून रक्त आलं तर मान मागे करायची नाही वगैरे चालू होतं. माझ्या कानावर पडत होतं, एवढंच.

मग त्या म्हणाल्या, "हृदय बंद पडलं की साधारण चार मिनिटांनंतर मेंदूला इजा व्हायला लागते. तुमच्या या रस्त्यावर संध्याकाळी सहा वाजता चार मिनिटांत अॅम्ब्युलन्स येईल का?" सगळे हसले. "मग तेवढ्या वेळात तिथे कोण असतं?"

मी लॅपटॉप बंद केला. मला आप्पा आठवले.

आप्पा म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ. आमचे आठ माग, म्हणजे बऱ्हाणपूरच्या हिशेबाने अगदीच छोटा कारखाना. खाली शेड, वर घर. बाबा हिशेब आणि सुताची खरेदी बघायचे, मागांवर सगळं आप्पांचं लक्ष. २०१६ च्या दिवाळीला मी रजेवर आलो होतो. सणाआधीची ऑर्डर होती म्हणून माग धडधडत होते. मी चहा घेऊन खाली गेलो तेव्हा आप्पा तिसऱ्या मागाजवळच्या स्टुलावर बसले होते. ते आधी थोडे वाकले. मला वाटलं खाली पडलेला धोटा उचलतायत. मग ते आडवे झाले.

ज्यांनी पावरलूमची शेड आतून पाहिली नाही त्यांना एक गोष्ट सांगायला हवी. तिथे कोणाचं ओरडणं कोणाला ऐकू येत नाही. कामगार एकमेकांशी खुणांनी बोलतात, नाहीतर कानाशी तोंड नेऊन. आप्पा पडले ते मी पाहिलं, कांडी भरणाऱ्या मुलाने पाहिलं, आणि आम्ही दोघं ओरडलो तरी चार हातांवरच्या माणसाचा माग चालूच होता. सगळे माग थांबेपर्यंत किती वेळ गेला कुणास ठाऊक. मग सगळे धावले. कोणी तोंडावर पाणी मारलं, कोणी चप्पल नाकाला लावली. एकाने तळपाय चोळले. बाबा रिक्षा बघायला बाहेर पळाले. मी काय केलं? मी, घरातला शिकलेला, बी.ई. झालेला मुलगा, ओळखीच्या एका डॉक्टरांना फोन लावत उभा राहिलो. त्यांनी उचलला नाही. मी परत लावला.

दवाखान्यात ड्युटीवरच्या डॉक्टरांनी तपासलं आणि विचारलं, "पडून किती वेळ झाला?" मी म्हणालो, पंचवीस मिनिटं असतील. "मध्ये कोणी छाती दाबली होती का?"

मी म्हणालो, "पाणी पाजायचा प्रयत्न केला."

ते काही बोलले नाहीत. मलाही तेव्हा तो प्रश्न नीट कळला नव्हता. तो कळला दोन वर्षांनी, पुण्यात, एसी हॉलमध्ये, त्या बिनहाताच्या रबरी माणसाकडे बघताना.

बाईंनी प्रत्येकाला दोन-दोन मिनिटं छाती दाबायला लावलं. दोन मिनिटं म्हणजे काहीच नाही असं वाटतं. करून बघा. छातीच्या मधोमध तळहाताची टाच, वर दुसरा हात, कोपर ताठ, आणि प्रौढ माणसाची छाती किमान पाच सेंटिमीटर, पण सहापेक्षा जास्त नाही, इतकी खाली गेली पाहिजे. मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा. प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यायची. एका मिनिटातच माझे खांदे भरून आले. म्हणूनच दर दोन मिनिटांनी माणूस बदलतात, आणि म्हणूनच एका मजल्यावर एकच शिकलेला माणूस असून चालत नाही.

त्या रात्री मी रिलीजचं काम केलं नाही. वाचत बसलो. हे छाती दाबण्याचं तंत्र एखाद्या मोठ्या हृदयरोगतज्ज्ञाने शोधलं असेल असं मला वाटत होतं. निघाला इंजिनिअर! विल्यम कोवेनहोवेन हे अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातले इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगचे प्राध्यापक. विजेच्या तारांवर काम करणारे लाइनमन शॉक लागून मरत होते, आणि वीज कंपन्यांना त्यावर उपाय हवा होता. त्यांच्या पैशावर कोवेनहोवेन यांनी विजेचा हृदयावर काय परिणाम होतो याचा अभ्यास सुरू केला. पुढे १९५८ मध्ये त्यांच्या प्रयोगशाळेतल्या गाय निकरबॉकर या तरुण संशोधकाच्या एक गोष्ट लक्षात आली. हेही इंजिनिअरच. कुत्र्याच्या छातीवर शॉक देण्याचे जड पॅडल नुसते दाबून धरले, तरी त्याचा रक्तदाब किंचित वर जात होता. वीज न देताच! त्यांच्या जोडीला शल्यविशारद जेम्स ज्यूड आले, आणि १९६० मध्ये तिघांचा शोधनिबंध अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात आला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की हे करायला उपकरण लागत नाही, दोन हात पुरतात. जॉन्स हॉपकिन्सने पुढे कोवेनहोवेन यांना डॉक्टरकीची मानद पदवी दिली.

म्हणजे ज्या गोष्टीला आपण 'हॉस्पिटलचं काम' म्हणून सोडून देतो, तिची सुरुवात कामावर मरणाऱ्या माणसांपासून झाली. त्याआधीचं प्रथमोपचाराचं प्रशिक्षणही असंच. १८७८ मध्ये लंडनजवळच्या वुलिचमध्ये पीटर शेफर्ड या लष्करी डॉक्टरने सामान्य लोकांसाठी वर्ग घेतले, आणि मग ते शिक्षण सेंट जॉन अॅम्ब्युलन्सने खाणींत, रेल्वेत, गिरण्यांत पोहोचवलं. जिथे डॉक्टर वेळेत पोहोचणार नाही, तिथे शेजारचा कामगारच कामाला येणार, हा साधा हिशेब होता.

आपल्या तरुण वाचकांना याहून जवळचं उदाहरण हवं असेल तर १२ जून २०२१ आठवा. कोपनहेगनला युरो कपच्या सामन्यात डेन्मार्कचा ख्रिस्तियन एरिक्सन चालता चालता कोसळला होता. मैदान हे त्याचं कामाचंच ठिकाण. कप्तान सिमोन केअर सगळ्यात आधी पोहोचलेल्यांपैकी होता आणि त्याने एरिक्सनला नीट सांभाळलं. वैद्यकीय पथकाने मैदानातच छाती दाबली, शॉक दिला. पुढच्या फेब्रुवारीत एरिक्सन इंग्लंडमध्ये पुन्हा खेळायला उतरला. माझ्या पुतण्याला हा सामना पाठ आहे. पण शेजारचा माणूस पडला तर १०८ लावायचा हे त्याला मी सांगेपर्यंत माहीत नव्हतं.

२०२० मध्ये घरून काम सुरू झालं आणि मी बऱ्हाणपूरला परत आलो, तो इथेच राहिलो. वरच्या खोलीत माझं ऑफिस, खाली माग. मीटिंगमध्ये मी कायम म्यूटवर असतो, आणि बोलायला म्यूट काढला की सगळे विचारतात, "पाऊस पडतोय का तिकडे?"

आम्ही सॉफ्टवेअरवाले मोठे शिस्तीचे लोक. रात्री दोन वाजता सर्व्हर पडला तर कोणाचा फोन वाजणार हे ठरलेलं असतं. त्याने उचलला नाही तर दुसऱ्याचा, मग तिसऱ्याचा. काय करायचं ते पायरी-पायरीने लिहून ठेवलेलं असतं. वर्षातून दोनदा आम्ही मुद्दाम सर्व्हर पाडून सरावही करतो. मशीन पडलं तर इतकी तयारी, आणि शेजारच्या खुर्चीवरचा माणूस पडला तर? कंपनीत निदान एक दुपार तरी झाली. आमच्या कारखान्यात काय होतं?

एक पेटी होती. पांढरी, वर लाल चिन्ह, आप्पांनीच कधीतरी आणलेली. परत आल्यावर एकदा उघडली तर आत वाळलेली मलमाची ट्यूब, लाइट बिलाच्या पावत्या, उदबत्तीचा पुडा आणि मागाचे चार नटबोल्ट निघाले.

कायद्याचं म्हणाल, तर १९४८ च्या फॅक्टरी कायद्यातलं कलम ४५ मला फार आवडतं. दर दीडशे कामगारांमागे किमान एक प्रथमोपचार पेटी असावी हे तर त्यात होतंच. पण पुढे असंही होतं, की ती पेटी एका जबाबदार माणसाच्या ताब्यात असावी, त्याच्याकडे प्रथमोपचाराचं सरकारमान्य प्रमाणपत्र असावं आणि कामाच्या वेळेत तो कायम हजर असावा. पाचशेच्या वर कामगार असतील तर वेगळी अॅम्ब्युलन्स रूम. पेटी नुसती असून उपयोग नाही, ती वापरता येणारा माणूस पाहिजे, हे पंचाहत्तर वर्षांपूर्वी कोणीतरी नीट विचार करून लिहिलं आहे.

पण हे लालबागच्या ताप्ती मिलसारख्या किंवा नेपानगरच्या कागद कारखान्यासारख्या ठिकाणासाठी. त्या मूळ कायद्यात विजेवर काम चालत असेल तर 'कारखाना' म्हणवून घ्यायला दहा कामगार लागत. २०२० च्या नव्या संहितेत तो आकडा वीस केला. आमच्याकडे एका पाळीला सात. आमच्या गल्लीतल्या बहुतेक शेडमध्ये पाच, सहा, आठ. लोक आम्हाला कारखानदार म्हणतात, कायद्याच्या लेखी आम्ही कारखाना नाहीच. कोणी तपासायला येणार नाही, कोणी मेल पाठवून सक्ती करणार नाही. या गावात हजारो हात अशाच ठिकाणी काम करतात, आणि नेमकं तिथेच शिकवायची जबाबदारी कोणावरच नाही.

हे सगळं मला कळत होतं आणि तरी मी चार-पाच वर्षं काही केलं नाही. पेटी साफ केली, नवीन पट्ट्या आणून भरल्या आणि मनाचं समाधान करून घेतलं. खरी सुरुवात गेल्या उन्हाळ्यात झाली, तीही चहामुळे.

कांडी भरायला येणाऱ्या एका ताईंच्या हातावर उकळत्या चहाचं पातेलं कलंडलं. मी आरडाओरडा ऐकून खाली आलो तोवर चार सल्ले तयार होते. टूथपेस्ट लावा. हळद लावा. बटाटा किसून लावा. एकाने तर शाई सुचवली. मी त्यांना नळाखाली नेलं. आता मे महिन्यात बऱ्हाणपुरात गच्चीवरच्या टाकीचं पाणी कसं असतं ते तुम्हाला माहीत आहे, त्यात चहा होईल. मग बोअरची मोटर चालू करून त्याचा पाइप हातावर धरला. आधी बांगड्या काढायला लावल्या, कारण सूज आल्यावर त्या निघत नाहीत. आणि वीस मिनिटं पाणी सोडत राहिलो.

वीस मिनिटं फार मोठी असतात हो. पाचव्या मिनिटाला ताई म्हणाल्या, "बस झालं भैया, थंड वाटतंय." दहाव्या मिनिटाला काकू दारात आल्या. आप्पांच्या पत्नी. म्हणाल्या, "अरे, मे महिना आहे, किती पाणी घालवशील?" पंधराव्या मिनिटाला बाबा टूथपेस्ट घेऊन आले. मी घड्याळाकडे बघत राहिलो. भाजलेल्या जागी वाहतं गार पाणी वीस मिनिटं, बर्फ नाही, पेस्ट नाही, फोड फोडायचे नाहीत, मग स्वच्छ कापड सैल झाकून डॉक्टरांकडे. मला जे माहीत होतं ते एवढंच होतं आणि तेवढं मी धरून ठेवलं. डॉक्टरांनी हात बघितला आणि विचारलं, "पाणी कोणी घातलं?" फोड आले, पण दोन आठवड्यांत ताई कामावर आल्या. टूथपेस्ट खरवडून काढायची वेळ आली नाही.

त्या रात्री जेवताना मी बाबांना म्हणालो, सगळ्यांनाच शिकवू या. एक दिवस दोन तास माग बंद ठेवू. बाबांनी जो प्रश्न विचारला तो चुकीचा नव्हता. "त्या दोन तासांची मजुरी कोण भरणार?"

पुण्यात मला तीन तास प्रशिक्षणाला बसवलं तेव्हा माझा पगार कापला नव्हता. इथे विणकराला मजुरी मिळते ती विणलेल्या मीटरवर. माग थांबला की पैसा थांबला. त्याला "तुझ्याच भल्यासाठी आहे, बस" असं सांगणं सोपं आहे, पण त्याच्या घरचं पीठ त्यातून येत नाही. आठवड्याच्या सुट्टीला बोलवावं तर ती त्याची एकुलती एक सुट्टी. मालकाने भरावी म्हणावं तर सुताचे भाव बघता बाबांचाही चेहरा उतरलेला. प्रशिक्षणाची चर्चा होते तेव्हा हा मुद्दा कोणी काढत नाही, आणि छोट्या ठिकाणी सगळं इथेच अडतं.

तोड काढली ती आमच्या सगळ्यात जुन्या विणकराने, आम्ही त्यांना चाचा म्हणतो. ते म्हणाले, "लाइट जाती है तब क्या करते हैं? बैठे ही रहते हैं ना." पावसाळ्याआधी आणि दिवाळीआधी वीज कंपनी मेंटेनन्स काढते. आदल्या दिवशी सूचना येते, अमुक फीडर इतके ते इतके बंद. माग तसेही थांबलेले, सगळे ओट्यावर बसून बिडी ओढत असतात. त्या वेळेला मजुरी बुडतेच, नव्याने बुडत नाही. तरी मी बाबांना म्हणालो, त्या दोन तासांचे थोडे पैसे देऊ. बाबांनी "नाश्ता देऊ" वर सौदा मिटवला. पोहे आणि जिलेबी.

शिकवायला सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेले एक ब्रदर मिळाले. तीस वर्षं अपघात विभागात काढलेला माणूस. फी विचारली तर म्हणाले, "माणसं जमवा, बाकी बघू." सूचना आली आणि गल्लीत निरोप फिरला. सात जणांची अपेक्षा होती, शेजारच्या शेडमधले धरून तेवीस आले. रबरी माणूस नव्हता. घट्ट भरलेली उशी, तिच्या कव्हरमध्ये दोन लिटरची रिकामी बाटली. दाबली की कडकडते आणि परत वर येते. चालून गेलं.

ब्रदरांनी शेड बघितली आणि मी ठरवलेला सगळा क्रम मोडला. म्हणाले, "इथे पहिली गोष्ट छाती नाही. इथे पहिली गोष्ट मेन." कोणी पडला, कोणी चिकटला, कोणाचा हात अडकला, आधी मेन पाडायचा. एकतर शॉक असेल तर त्याला हात लावणारा दुसराही जातो. आणि दुसरं, आवाज थांबल्याशिवाय तुमचं कोणाला ऐकूच जाणार नाही. मेन कुठे आहे हे त्यांनी प्रत्येकाला बोट दाखवून विचारलं. तेवीसमधल्या नऊ जणांना नक्की सांगता आलं नाही. आमच्या मेनसमोर सुताची पोती रचलेली होती. बाबांनी काही न बोलता ती तिथल्या तिथे हलवायला लावली. त्या दिवशी दुसरं काही झालं नसतं तरी मी खूश होतो.

मग खूण ठरली. दोन्ही हात डोक्यावर उभे धरून ओलांडायचे, म्हणजे माणूस पडलाय. विणकर खुणांनीच बोलतात, त्यांना हे सांगावंही लागलं नाही, एकाने लगेच करून दाखवलं. ज्याने खूण पाहिली त्याने मेनकडे पळायचं, दुसऱ्याने १०८, तिसऱ्याने गल्लीच्या तोंडाशी उभं राहायचं, कारण आमच्या गल्लीत अॅम्ब्युलन्सला घर सापडत नाही.

छाती दाबायची वेळ आली तेव्हा 'मिनिटाला शंभर ते एकशेवीस' हे ऐकून सगळे एकमेकांकडे बघायला लागले. घड्याळ लावून दाबायचं कसं? मला वाटलं होतं, मागाचा ठोका साधारण तेवढाच असेल. आदल्या दिवशी मी मोबाइलवर मोजूनही ठेवला होता, पण आमचा नेहमीचा माग एकशेचाळीसच्या आसपास निघाला. चाचा हसले. म्हणाले, "वो कोनेवाला." कोपऱ्यात एक जुना, रुंद पन्ह्याचा माग आहे, तो सावकाश चालतो. दुसऱ्या दिवशी लाइट असताना मोजला, एकशेदहा. तेव्हापासून आमच्याकडे सूचना एवढीच आहे, कोपऱ्यातल्या मागासारखं दाबा. चाळीस वर्षं ज्याने तो ठोका ऐकलाय त्याचे हात चुकत नाहीत. मी मात्र अजून चुकतो.

रक्ताचं पटकन उरकलं. स्वच्छ कापड, जोराने दाबून धरायचं, दर मिनिटाला उचलून बघायचं नाही. कापडाची आपल्याकडे काय कमी! जखमेत रुई जाळून राख भरायची नाही, यावर मात्र दोन म्हाताऱ्यांनी बराच वाद घातला. ब्रदरांनी शेवटी त्यांना आपण बघितलेल्या दोन सडलेल्या जखमांचं इतकं रसभरीत वर्णन ऐकवलं की पोहे खाणाऱ्यांनी प्लेटा खाली ठेवल्या.

एकाचा भाऊ केळीच्या बागेत फवारणीला जातो. त्याने विचारलं, औषध चढलं तर? मला लगेच २०१७ चं यवतमाळ आठवलं. कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन तिथे वीसहून जास्त शेतकरी आणि शेतमजूर गेले, शेकडो दवाखान्यात होते. शेत हेही कामाचंच ठिकाण आणि तिथे तर पेटीसुद्धा नसते. ब्रदर म्हणाले, भिजलेले कपडे तिथल्या तिथे काढा, साबणाने अंग धुवा, आपल्या हाताला लागणार नाही हे बघा, उलटी करायला लावू नका, आणि औषधाची बाटली सोबत घेऊन दवाखान्यात या. बाटली आणायचं लोक हमखास विसरतात आणि डॉक्टर अंदाज करत बसतात.

पोलीस केसचा प्रश्न आलाच. रस्त्यावर पडलेल्याला उचललं तर आपल्याच मागे लागतात, असं एक तरुण म्हणाला. याचं उत्तर मी दिलं, तेवढं तरी मला येत होतं. सुप्रीम कोर्टाने मार्च २०१६ मध्ये आणि मग २०१९ च्या मोटार वाहन कायद्यातल्या दुरुस्तीने रस्ता अपघातात मदत करणाऱ्याला संरक्षण दिलं आहे. त्याला नाव सांगायचीही सक्ती करता येत नाही. तरुणाला फारसं पटलेलं दिसलं नाही. मी समजू शकतो, कायदा गल्लीपर्यंत यायला वेळ लागतो.

काकू हा सगळा वेळ जिन्याच्या दारात उभ्या होत्या. त्यांना मी मुद्दाम बोलावलं नव्हतं. नको वाटलं. तेवीस जण एकेक करून उशी दाबत होते, ब्रदर मोजत होते, आणि बरोबर तिसऱ्या मागाजवळच, कारण जागा तिथेच मोकळी होती. हे माझ्या लक्षात फार उशिरा आलं.

पांगापांग झाल्यावर काकू खाली आल्या आणि त्यांनी ब्रदरांना सरळ विचारलं, "तेव्हा हे कोणाला येत असतं, तर वाचले असते का?"

मी ब्रदरांकडे बघितलं. ते 'हो' म्हणतील अशी भीती वाटत होती, आणि 'नाही' म्हणतील अशीही. त्यांनी थोडा वेळ घेतला. म्हणाले, "ताई, खोटं सांगत नाही. असे बरेच जण दाबूनही जातात. कोण वाचेल ते सांगता येत नाही. पण दाबलं नाही तर वाट बघायलाही काही उरत नाही."

काकू काही बोलल्या नाहीत. मग मला म्हणाल्या, "ती उशी नीट ठेव इथे." त्यांनी पदर खोचला, गुडघ्यांवर बसल्या आणि हातावर हात ठेवला. कोपर वाकत होतं, ब्रदरांनी ते सरळ केलं. बाटली कडकडली. ब्रदर मोजायला लागले. लाइट यायला अजून चाळीस मिनिटं होती.